चौरंगाचा चौथा पाय

आई खानदेशातून सुरतेला चौरंग घेऊन आली, आणि पॅसेंजरच्या गर्दीत कुणीतरी खुशाल त्याच्यावर बसलं. एका पायाचे दोन तुकडे झाले. वडील गेल्यापासून आई आमच्याकडे सुरतेत पांडेसऱ्याला राहायची, पण श्रावण लागला की कानबाई देवीच्या सणासाठी गावी पळायची आणि मग दिवाळीपर्यंत तिचं तोंड दिसायचं नाही. घर नुसतं खायला उठायचं. मी म्हणायचो, "अगं, आपली तापीच इथं येते, विसर्जन इथं कर." त्यावर ती म्हणे, "पानी येस, भाऊबंद येतस का?"

त्या वर्षी मात्र ती श्रावणाआधीच गावाहून कानबाईचा चौरंग घेऊन आली आणि बजावलं, "चौरंग नीट व्हयी गया तर कानबाई आठे, सुरतमा. नहीतं मी गावले जास."

मी लूमचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर होतो. टूलहोल्डरवर माझा फार जीव. त्यात पाती घालून बोल्ट आवळले की ती तसूभर हलत नाही. हँडल फिरवा, पहिला पीस आणि शंभरावा पीस सारखाच. रविवारी मालकाला विचारून नव्या पायासाठी सागाचा तुकडा लेथवर चढवला. सरळ भाग मापात उतरला, पण अंगावर सगळ्या रेषा, आणि पायावरच्या मण्यांच्या गोलाईला तर लाकडाचे तंतूच उपटून आले.

शेजारच्या गाळ्यातला गुजराती सुतार, आमचा रोजचा चहाचा सोबती, बघून हसला. "भाऊ, आ लोखंड नथी, लाकडुं छे." तो आपली गोल पटाशी घेऊन आला. लोखंडी पट्टीचा आधार लावून त्याने ती हातात धरली आणि गोलाईवरून अशी फिरवली की लाकडाची लांब, मऊ साल निघाली. मला राहवेना. मी पटाशी मागून घेतली, तर ती लाकडात रुतून हातातून निसटायला आली. टूलहोल्डर तुमचं चुकणं सहन करतो. पटाशी लगेच हात झटकते. पण लाकूड कुठे कडक आहे, कुठे मऊ, हे ती तळहाताला सांगते, हे मान्य करायला मला जड गेलं. शेवटी सरळ भाग मी टूलहोल्डरवर केला, मणी त्याने हाताने काढले. मोडलेल्या पायाशी कॅलिपर लावून पाहिला, कणभरही फरक नव्हता. कारखान्याची सवयच ती: गिऱ्हाइकाने नमुना दिला की हुबेहूब करायचा, प्रश्न विचारायचे नाहीत.

घरी पाय बसवला, चौरंग फरशीवर ठेवला, आणि तो डुगडुगला. माझा चेहरा पडला. आईने मात्र पदर तोंडाला लावला. ती हसत होती. तिने सांगितलं, गावी देवाच्या कोपऱ्यात एका पायाखालची जमीन खचलेली, म्हणून गावच्या सुताराने तो एकच पाय अर्धं बोट लांब ठेवला होता. मी तेच जास्तीचं अर्धं बोट इमानेइतबारे उतरवून आणलं होतं.

"बाकीच्या तिन्ही पायांखाली पुठ्ठा घालू," मी घाईने म्हणालो. मला भीती वाटत होती, ती आता पिशवी भरून गावी निघेल. "म्हणजे गावीही चालेल. कापला तर त्या कोपऱ्यात तो परत कधी सरळ बसायचा नाही."

आईने चौरंगावरून हात फिरवला.

"माहीत शे माले," ती म्हणाली. "पुठ्ठा नको. काप त्याले. आते कानबाई आठेच बसाडनी शे."

मी चौरंग उलटा केला आणि करवत लावली. इतका आनंद झाला होता की करवत पहिल्यांदा घसरलीच.