जात्यावरची दुसरी बाई

भूत, चेटूक, अंगात येणं असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. सोलापुरात मिशनच्या मुलींच्या शाळेत मी टीचर आहे. वर्गात कुणी हडळीची गोष्ट काढली की मी तिला बाकावर उभी करते. तेव्हा हे सगळं मी लिहून पाठवतेय म्हटल्यावर ओळखीच्यांना नवल वाटेल. वाटू दे. मला लाज वाटतेय, तिच्यापुढे नवल काय…

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मिलच्या मागे आम्हा ख्रिस्ती लोकांची चाळ आहे. एका खोलीत आम्ही, शेजारच्या खोलीत माझे दीर आणि धाकटी जाऊ सारा. सारा अक्कलकोटकडची, तिकडच्या रीतीनं मला अक्का म्हणते. लिहिता-वाचता येत नाही, पण गळा गोड. आम्हा दोघींत जातं एकच, ते माझ्या खोलीत. पहाटेचं दळण जोडीनं.

त्या हिवाळ्यात बाहेरगावचे एक उपदेशक आले. भिंतीवर भलामोठा रंगवलेला कापडी चार्ट टांगून त्यांनी शेवटच्या काळाच्या खुणा समजावल्या — सात डोक्यांचं श्वापद, कर्णे, लढाया, दुष्काळ. मला तर भलताच उत्साह चढला! बायकांच्या सभेत मी तोच विषय लावून धरला. श्वापदाचं कुठलं शिंग म्हणजे कुठला राजा, हे मी फळ्यावर काढून दाखवायची, आणि माझंच मला कौतुक वाटायचं. त्यातच एकदा ते वचन आलं. प्रभू येईल तेव्हा दोघी जणी दळत बसलेल्या असतील. एकीला तो नेईल, दुसरी मागे राहील.

झालं! चाळीत दळणाची पंचाईत. वर्षानुवर्षं जोडीनं दळणाऱ्या बाया एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या. कुणी एकटीच घामाघूम होत जातं ओढायची. कुणी मुद्दाम भांडकुदळ बाई हेरून समोर बसवायची, म्हणजे आपला नंबर पक्का! पलीकडच्या एस्तेरकाकूंना तर घरोघरून बोलावणी. आपल्याला एवढी मागणी कशी, म्हणून बिचाऱ्या खूश.

मी सगळ्यांना हसले. पण मी साराची जोडी सोडली नाही, त्याचं कारण माझं मला ठाऊक होतं. तिच्या मुलीला गोवर आला होता तेव्हा तिनं गुपचूप लिंबाखाली देवीला दहीभात ठेवला होता. "अक्का, पाया पडते, कुणाला बोलू नगा. मंडळीतनं काढतील मला," असं रडत मला सांगितलं होतं. मी शब्द दिला होता. तेव्हा आमच्या दोघींतली कोण जाणार आणि कोण राहणार, हे मी मनातल्या मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी उजाडलं होतं. दार सताड उघडं. मी खाली मान घालून जोंधळ्याची मूठ जात्यात टाकत होते, डोक्यात संध्याकाळच्या सभेतलं श्वापद. एस्तेरकाकू विस्तव मागायला दारात आल्या नि म्हणाल्या, "अगं, आज एकटीच? सारा कुठं गेली?"

"ही काय समोर—" म्हणत मी मान वर केली.

समोर कुणी नव्हतं. तिच्या बसण्याचं पोतं होतं, आणि खुंट्यावर माझा एकटीचा हात. आणि जातं फिरत होतं… हलकं! एकटीनं ओढलं की जातं कसं जड लागतं, कुठल्याही बाईला विचारा. ते जोडीनं ओढल्यासारखं हलकं फिरत होतं.

अंगावर काटा आला, पण तो नंतर. आधी आला तो संताप. प्रभू आला, एवढ्या जवळ आला, आणि माझ्या मनात आनंद नाही, भीती नाही… मी छताकडे बघून ओरडले, "हिला? हिनं देवीला दहीभात ठेवला! लिंबाखाली! नि हिला नेलंस? मग मी काय केलं होतं?"

"अक्का… मी हितंच हाय की."

सारा समोर बसलेली होती. खुंट्यावर हात, पापण्यांवर पीठ, चेहरा पांढराफटक. ती जागची उठलीच नव्हती म्हणे. काकूंना तिनं "हाय की काकू, ही काय" अशी दोनदा ओ दिली, पण आम्ही दोघींनी ऐकलं नाही.

काकू आजही शपथेवर सांगतात की खोलीत मी एकटी होते. पण चाळीला त्यात रस कुठला? दुपारपर्यंत दहीभात घरोघर पोचला होता. मंडळीचे पंच बसले. साराला प्रभुभोजनातून बंद केलं. त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट तिच्यापुढून पुढे गेलं, तेव्हा तिनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला. "मलाही ठाऊक होतं, मीही गप्प होते," एवढं उठून म्हणायला मला काय झालं होतं? नाही उठले. ताट माझ्याकडे आलं, मी घेतलं.

डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. पण मग काकूंना काय झालं होतं? त्या तर दोन माणसांचं जेवतात. उपदेशकांना पत्र घातलं, ते म्हणाले, परीक्षा होती. आमचे 'हे' म्हणाले, चार्ट बघणं बंद कर. सभा मी सोडलीच आहे. सारा त्या वेळी कुठं होती, होती की नव्हती, मला आजही सांगता येत नाही.

ती अजून माझ्याकडेच दळायला येते. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. गात मात्र नाही. परवा मध्येच हात थांबवून म्हणाली, "अक्का, येक इचारू? मी न्हाय असं दिसलं तवा… देवानं मला नेलं म्हणून तुमास्नी वाईच तरी बरं वाटलं का?"

"हो गं," म्हणाले मी.

तेही खोटंच.