अकरा जोड्या डोळे

पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात रंग आम्ही कारागीर देतो, पण मूर्तीचे डोळे मालक स्वतः आखतात. पहाटे आमच्याआधी हजर असतात. आवाज कधी चढवत नाहीत. "टायमाला माल गेला, की गिऱ्हाईक आपलं," हे मात्र दिवसातून दहादा ऐकवतात.

गेल्या वर्षी चतुर्थीला चार दिवस उरले होते. पुण्याचा टेम्पो दारात उभा होता आणि अकरा मूर्तींचे डोळे आखायचे होते. तेवढ्यात रोह्याहून मालकांच्या बहिणीचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो. "दादा, आई गेली रे," एवढं मलाही ऐकू आलं.

बातमी कळली की सुतक लागतं, आणि सुतकात मूर्तीला शिवायचं नसतं. मालक "व्हय" म्हणाले, फोन खिशात टाकला आणि ब्रश रंगात बुडवला. अकरा जोड्या डोळे आखले. एक रेघ हलली नाही.

टेम्पो निघून गेल्यावर त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "माजी आई गेली. मला सुतक हाय, आता मी शिवनार नाय." मग हळूच म्हणाले, "कोनी इचारलं, कदी कललं, तर?"

"आत्ताच," मी म्हणालो.

यंदा त्यांनी डोळे आखायला मला बसवलंय. माझा हात हलतो.