खळ, मेंढरं आणि आयर्लंडचं पाकीट

तुमच्या घरी कधी परदेशी कंपनी भाडेकरू म्हणून राहिली आहे का?

आमच्या घरी राहिली. शिक्रापूरला हायवेलगत आमचं रान आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यात पत्र्याची मोठी शेड बांधली आणि जगभर विमानं उडवणाऱ्या एका कुरियर कंपनीला भाड्याने दिली. कंपनीचं नाव सांगत नाही. तिच्याकडे वकील आहेत, माझ्याकडे नाहीत.

मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसलो होतो आणि परदेशी कंपन्यांच्या विरोधात होतो. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं मात्र भरपूर. आबा तरुणपणी दिसेल त्या मोर्च्यात जायचे आणि तिथे वाटलेली पत्रकं घरी आणायचे. आई त्यांत भाकरी बांधायची. मी भाकरी खाता खाता ती वाचली आणि बिघडलो. पुढे मी स्वतःच पत्रकं लिहू लागलो, शिरूरच्या छापखान्यात छापून घेऊ लागलो आणि गावोगाव चिकटवू लागलो. चळवळीत मी एकटाच होतो. त्यामुळे बैठका लवकर संपायच्या, पण खळीची बादली दर वेळी मलाच उचलावी लागायची. (छपाईचा खर्च आबा द्यायचे आणि आबांना भाडं कंपनी द्यायची. हा मुद्दा पत्रकात नसे.)

कंपनीचे मॅनेजर नायर साहेब. मूळचे केरळचे, पण पुण्यात इतकी वर्षं काढलेले की मराठीतून टोमणे मारू शकायचे. शेडच्या उद्घाटनाला त्यांनी पडदा लावून कंपनीचा इतिहास दाखवला. एका माणसाने एका जुन्या गाडीवर धंदा सुरू केला आणि आज कंपनीची विमानं देशोदेशी उतरतात, वगैरे. मी मागे उभा राहून कपाळाला आठ्या घालत होतो. आबा मात्र मन लावून ऐकत होते.

"मंग ती गाडी आता कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"कुठली गाडी, आबा?"

"पह्यली."

"ती म्युझियममध्ये ठेवलीय."

"म्हंजी बंद पडली," आबा म्हणाले आणि नारळ फोडायला उठले.

माझी थोरली बहीण शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. नायर साहेबांची कुणी चुलत बहीण आयर्लंडमध्ये नर्स होती, तिच्याकडून कळलं म्हणून ताईने तिथल्या एका हॉस्पिटलात अर्ज केला. फोनवर मुलाखत झाली आणि ताईची निवडही झाली. फक्त तिचे मूळ दाखले त्यांना पुढच्या शुक्रवारपर्यंत हवे होते. नाही मिळाले, तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. ताईने दाखल्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "शेडमध्ये नेऊन दे."

मी म्हणालो, "ताई, त्या कंपनीच्या हातून पाठवणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

"तुझ्या तत्त्वाला तारीख न्हाई. माझ्या नोकरीला हाय. चल ऊठ."

मी उठलो. शनिवारची दुपार होती. शेडच्या ओट्यावर कारखान्यांची खोकी आणि कंपनीची पुठ्ठ्याची पाकिटं ओळीने मांडलेली होती. संध्याकाळी गाडी भरायची, मुंबई, तिथून विमान. पण नायर साहेब डोकं धरून बसले होते. प्रिंटरचा चिकट लेबलांचा रोल संपला होता. त्यांनी साध्या कागदावर पत्ते छापून घेतले होते, पण ते चिकटवायला जवळ काही नव्हतं आणि बाजारातल्या दुकानांत गोंद संपलेला.

"तुझ्याकडे ती बादली असते ना?" नायर साहेब म्हणाले. "आमच्याविरुद्धची?"

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? समोर ताईचं पाकीट होतं. मी खळ आणली.

खळीबद्दल थोडं सांगणं भाग आहे. बाकीचे लोक खळीत मोरचूद घालतात, म्हणजे जनावरं तिला तोंड लावत नाहीत. मी घालत नसे. मोरचूद विषारी, आणि मुक्या जनावराच्या पोटात विष जाऊ देणं मला मान्य नव्हतं. माझी खळ ज्वारीच्या पिठाची, आईच्या हातची, आणि आंबू नये म्हणून तिच्यात सढळ हाताने मीठ. म्हणजे चव घेतली तर ती जवळजवळ जेवणच होती. याच खळीने आम्ही सगळे पत्ते चिकटवले. त्यानंतर वीज गेली. त्याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, कारण वीज रोजच जायची.

तेवढ्यात गेटवर आप्पा आले. आप्पा म्हणजे आबांचे चुलत भाऊ. आम्ही मेंढरं विकून शेतीला लागलो, आप्पा लागले नाहीत. दिवाळी झाली की ते पाटसकडून कळप घेऊन कोकणच्या वाटेला लागायचे आणि वाटेत एक मुक्काम आमच्या रानात करायचे. मेंढरं रानात बसली की रानाला खत मिळतं. पण आता रानापुढे कंपनीचं गेट होतं.

"कोण हाय रं आत? ह्ये गेट कुणी लावलं?"

माझं रक्त तापलं. मी गेटवर चढलो आणि म्हणालो, "आप्पा, ही वाट या कंपनीच्या आधीपासून तुमची आहे. तुम्हाला अडवणारा अजून जन्माला यायचाय."

"वाटंचं ऱ्हाऊ दे. मेंढरं तान्हेली हायती. पाणी कुठं हाय?"

नायर साहेब धावत आले. "अरे, त्यांना मागच्या बाजूने घे ना. तिकडून रान मोकळंच आहे."

(होतं. पण मोकळ्या बाजूने आत येण्यात तत्त्व कुठे राहतं?)

मी गेट उघडलं.

आप्पांच्या कळपात मेंढरांबरोबर दहा-बारा शेळ्याही असायच्या. त्यांतली एक ओट्यावर चढली आणि तिने एक लेबल चाटून पाहिलं. मग खाल्लं. मेंढरं एकमेकांचं बघून वागतात. (चळवळीत मला नेमकं हेच हवं होतं.) बघता बघता वरच्या खोक्यांना शेळ्या आणि खालच्या खोक्यांना मेंढरं लागली. नायर साहेब एका शेळीच्या तोंडातून कागद ओढत ओरडत होते, "आप्पा, ही जर्मनी खातेय, जर्मनी!"

"खाऊ द्या की सायेब," आप्पा म्हणाले. "खाऊन खाऊन किती खाईल? दोन घास."

कळप मागे हाकेपर्यंत ओट्यावर एकाही पार्सलला पत्ता उरला नव्हता. वीज नाही, म्हणजे प्रिंटर नाही. गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ही गाडी चुकली की पुढची सोमवारी, आणि सोमवारची गाडी म्हणजे आयर्लंडला उशीर. ताई दारात येऊन उभी राहिली होती. ती एकदा गाडीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती.

शेवटी असं ठरलं की नायर साहेबांनी पावत्यांच्या कार्बन कॉपीवरून पत्ते आणि पार्सलचे नंबर वाचायचे आणि मी हाताने लिहून चिकटवायचे. माझ्याकडे लिहायला होता भिंती रंगवायचा ब्रश आणि लाल रंग. माझं अक्षर घोषणांचं. पत्ता संपला की हात आपोआप उद्गारचिन्ह काढायचा. रॉटरडॅम! सिंगापूर! हॅम्बुर्ग!

ड्रायव्हरने एक खोकं उचलून निरखलं आणि विचारलं, "भैया, ये पार्सल है कि मोर्चा?"

शेवटी दोन पाकिटं उरली, दोन्ही एकाच मापाची. एक ताईचं. दुसरं रबरी रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्याचं, नमुने जर्मनीला चाललेले. मी दोन्ही पत्ते लिहून हातात घेतले, आणि तेवढ्यात मागून आप्पांनी विचारलं, "आरं पर ही कंपनी करती तरी काय?"

हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून विचारला होता. मी वळलो. जागतिक भांडवल, छोटे देश, मोठी विमानं, सगळं सांगितलं. सांगता सांगता पत्तेही चिकटवले. गाडी वेळेत सुटली. आप्पा म्हणाले, "म्हंजी हमाली," आणि मेंढरांकडे गेले.

पुढचे चार दिवस आमचं सगळं घर शिक्रापूरच्या नेट कॅफेत मुक्कामाला होतं. नंबर टाकला की पाकीट कुठे आहे ते दिसायचं.

"आता कुठं हाय?" आई विचारायची.

"दुबईला."

"बरं झालं. आपल्या घरातलं कुणीतरी इमानात बसलं."

बुधवारी पडद्यावर आलं, आयर्लंडला पोचलं. आबांनी पेढे वाटले. परदेशी कंपनीच्या यशाचे पेढे, आणि मी दोन खाल्ले.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलची मेल आली. आपण पाठवलेल्या चाळीस रबरी रिंगा मिळाल्या, आभारी आहोत, मात्र दाखले अजून मिळालेले नाहीत. आणि थोड्या वेळाने रिंगांच्या कारखान्याचा मॅनेजर जर्मनीचं उत्तर घेऊन नायर साहेबांकडे आला. त्यात लिहिलं होतं, गुणवत्तेचा दाखला मिळाला. त्यावरून आपला माल प्रसूतिशास्त्रात पहिल्या वर्गात पास झाल्याचं दिसतं. रिंगा कधी पाठवता?

ताईने दोन्ही कागद वाचले. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "तुझ्यापरीस ती शेळी बरी. तिनं नुसतं खाल्लं."

नायर साहेबांनी तिच्या हातातून ते कागद घेतले. ते फोनला बसले. जर्मनीतल्या माणसाला कामाला लावलं, त्याने कुणा दुसऱ्याला लावलं, त्याने रिंगा मागवणाऱ्या तिथल्या कंपनीतून ताईचे दाखले काढून आणले आणि विमानात टाकले. ज्यांना मी पत्रकांतून भांडवलाचे हस्तक म्हणायचो, ते दोन दिवस एका शिक्रापूरच्या बाईच्या दाखल्यांमागे पळत होते. मी कॅफेत बसून बटण दाबत होतो. शुक्रवारी दुपारी अजून "वाटेत" असंच दिसत होतं.

"हळू दाब," कॅफेवाला म्हणाला. "दाबून इमान जोरात जात न्हाई."

शेवटी आलं. पोचलं. आबा खिशात हात घालून मिठाईवाल्याकडे निघाले, तर ताईने त्यांची बाही धरली. "आबा, थांबा. आत काय निघतंय ते कळू द्या आधी."

तासाभराने फोन आला. आत दाखले निघाले. ताई तिथेच बाकावर बसली आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ रडली. मग उठली आणि पेढे स्वतः आणले. मला अर्धा दिला.

ताईला आयर्लंडला जाऊन आता चार वर्षं झाली. परदेशी कंपन्यांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. फक्त ते मांडायला लागलो की नायर साहेब चहा मागवतात, आणि चहा येईपर्यंत मी दमतो. अलीकडे लवकर दमतो.

मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. तिथे सगळं मिळतं, पण आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी मिळत नाही. आईने चटणी कुटली, डबा बांधला, पाकीट तयार केलं. आई-आबांना इंग्रजी येत नाही. नायर साहेब गावाला गेलेत. मला येतं, मी लेखक आहे, माझी पत्रकं तालुकाभर लागलेली आहेत. पण ताईने फोनवर आईला शपथ घातली आहे.

तेव्हा एक विनंती आहे. या आठवड्यात नगर रस्त्याने जाणार असाल आणि तुमचं अक्षर साधं असेल, तर शिक्रापूरला पाच मिनिटं उतरा. चहा आमच्याकडे. फक्त एक पत्ता लिहायचा आहे.