दोन लाल ठिपके

अक्कांचा विश्वास फक्त उजेडावर होता. कोट असो, शाल असो की माणूस असो, खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून पाहिल्याशिवाय त्या काही मान्य करायच्या नाहीत. "बटण अडकून फाटलंय हो," असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे त्या चष्म्यावरून पाहायच्या आणि म्हणायच्या, "हे बटणाचं काम नाही. कुत्रं आहे ना घरात?" दहातल्या नऊ वेळा घरात कुत्रं निघायचं, दहाव्या वेळी मांजर. त्यामुळे आपला संशय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं अक्कांना वाटायला लागलं होतं. यात निम्मी चूक त्या गिऱ्हाइकांची, असं माझं मत आहे.

धंदा रफूचा. अरुंद, खोल दुकान, पुढे एकच मोठी खिडकी. खिडकीखाली अक्कांचं टेबल, समोर हातभर अंतरावर इस्त्रीमामांचं टेबल, आणि मागे लोकरीच्या कपड्यांचं भिंतभर कपाट. एकोणीस वर्षं ही दोन माणसं एकमेकांसमोर बसत होती. अक्का भोक बुजवायच्या, मामा ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून ते नाहीसं करायचे. मग कोट मालकीणबाईंच्या गल्ल्याशी जायचा आणि भोक कुठे होतं ते मालकीणबाईंनाही सापडायचं नाही.

रफूला अक्का दोन सुया वापरत, एक उभ्या धाग्याची, एक आडव्या धाग्याची. त्या टेबलावर कधी ठेवायच्या नाहीत, असा त्यांचा दंडक. सुई कोटात राहिली आणि गिऱ्हाइकाच्या मानेत गेली तर धंदा बसलाच. म्हणून डाव्या हाताला त्या एक जाड मनगटी बांधत, आत लोकरीच्या चिंध्या भरलेली. लेकीने शाळेत असताना शिवून दिली होती. लेक आता दूर, तिच्या संसारात. मनगटी मात्र रोज हातावर. दर दोन मिनिटांनी दोन्ही सुया शेजारी शेजारी तिच्यात खोचायच्या, न पाहता.

दुकानाचा आणखी एक दंडक होता, तो मामांचा. झाडू कपाटाच्या वरच्या फळीखालीच थांबायचा. फळीवरच्या कोपऱ्यांत जी कोळिष्टकं होती त्यांना कुणी हात लावायचा नाही. "कोळी आहे तोवर कसर नाही," मामा म्हणायचे. कसर म्हणजे लोकर खाणारी ती बारीक अळी. तिच्या नुसत्या नावाने मालकीणबाईंच्या तोंडचं पाणी पळायचं. त्यामुळे कोळी राहिले. अक्कांना ते कधीच पटलं नव्हतं. स्वतःच्या घरात त्या जळमटाचा धागा दिसला तरी स्टुलावर चढायच्या.

आणि एके दिवशी मनगटी काढताना डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोन लाल ठिपके दिसले. बोटभर अंतरावर, अगदी जोडीने. दुसऱ्या दिवशी भोवती सूज, तिसऱ्या दिवशी खाज अशी की रात्री झोप नाही.

कोळ्याचं नाव निघायचा अवकाश, जो तो आपापली गोष्ट घेऊन आला. समोरच्या चपलावाल्याच्या मेव्हण्याच्या पायाला कोळी चावला तर पाय भोपळ्याएवढा झाला होता. मालकीणबाईंच्या आत्याच्या पाठीवर फोड उठले, ते कोळी फिरल्याने. एका गिऱ्हाइकाने तर कोट खांद्यावर असतानाच झटकायला सुरुवात केली. गंमत अशी, की यातल्या एकानेही कोळ्याला चावताना पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी पाहिली होती ती फक्त सूज.

डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं. "तुम्ही पाहिलात का चावताना?"

"दिसला असता तर चावू दिलं असतं का?" अक्का म्हणाल्या.

"सुई वगैरे लागली असेल. तुमचं काम सुईचं ना?"

अक्कांना हे झोंबलं. "तीस वर्षं सुई धरतेय मी, बाई. सुई लागलेली मला कळणार नाही?"

आता खरी गोष्ट अशी, की सुई त्यांना दिवसातून पन्नासदा लागायची, आणि त्यातली एकही त्यांना कळायची नाही. ज्याचं आयुष्य टोचण्यात गेलं त्याला टोचलेलं जाणवत नाही. पण हे डॉक्टरीणबाईंना कोण सांगणार? त्यांनी मलम लिहून दिलं.

मलमाने सूज उतरली. आठवड्याने पुन्हा दोन ठिपके. मग पुन्हा. अक्का डोळ्यांत तेल घालून कपाटाकडे पाहायला लागल्या, आणि पाहता पाहता नजर कपाटावरून मामांवर आली. कोळी काय, बिनडोक प्राणी. पण त्याला दुकानात कोण राखतंय?

मनात पाल चुकचुकली आणि मग गप्पच बसेना. मामा सगळ्यांच्या आधी दुकानात येतात, का? मागच्या वर्षी गिऱ्हाइकासमोर आपण त्यांना म्हणालो होतो, "मामा, घडी दुहेरी पडलीय," तेव्हा ते काहीच बोलले नव्हते, का? त्यांना हल्ली कमी दिसतं, खिडकीची जागा कुणाला नको असेल? मामा चहा घेऊन आले की अक्का आधी कपात पाहायच्या. मामांनी ते एकदा पाहिलं. त्यांना वाटलं, साखर कमी पडतेय. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अर्धा चमचा जास्त घातली. अक्कांनी तेही संशयातच जमा केलं.

एका सकाळी अक्का अर्धा तास लवकर आल्या आणि दाराशीच थबकल्या. मामा स्टुलावर उभे होते. हातात औषधाची पत्र्याची डबी, झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. त्यांनी झाकण उघडलं, डबी फळीवर कलती धरली, आणि लांब पायांचा एक कोळी सावकाश बाहेर आला. मामा त्याला म्हणाले, "जा, पोट भर."

मामा बाहेर चहा सांगायला गेले तेव्हा अक्कांनी डबी उचलली आणि मालकीणबाई आल्याबरोबर गल्ल्यावर ठेवली.

"हा माणूस बाहेरून कोळी आणून सोडतो. आणि चावतात मला."

मालकीणबाई घाबरल्या त्या अक्कांच्या हातासाठी नव्हे. उद्या गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाहीतून कोळी निघाला तर गावभर होईल, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

"मामा, हे खरं?"

"आमच्या जिन्यात असतात. थंडीत कसर वाढते म्हणून एखादा आणतो," मामा म्हणाले. "चावत नाहीत हो ते."

"मग हे काय?" अक्कांनी हात पुढे केला.

मामांनी चष्मा वर करून, हात डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. "दर वेळी एकाच जागी कसा चावतो?"

"ते तुम्हालाच ठाऊक," अक्का म्हणाल्या.

मालकीणबाई 'काही दिवस घरी बसा, मग बघू' असलं काहीतरी पुटपुटल्या. 'मग बघू'चा अर्थ सगळ्यांनाच कळतो. मामांनी इस्त्री गार होईपर्यंत वाट पाहिली, आपलं ओलं फडकं पिळून त्याची घडी केली आणि ती पिशवीत घालून ते निघून गेले. त्या दुपारी फळी धुवून निघाली, फवारा मारला. दुकानभर असा वास सुटला की कोळी सोडा, गिऱ्हाईकही आत येईना. अक्कांचा जीव भांड्यात पडला.

तीन आठवडे बरे गेले. बरे गेले, कारण फवाऱ्याच्या वासाने अक्का आजारी पडल्या होत्या आणि त्यातले बरेच दिवस घरी होत्या. परत कामावर बसल्या आणि चौथ्या दिवशी, त्याच जागी, दोन लाल ठिपके.

अक्का त्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या. दुकानात कोळी नव्हता. मामा नव्हते. संशय घ्यायला समोर कुणी उरलंच नव्हतं. होतं ते रिकामं टेबल. तेव्हा कुठे त्यांना मामांचा प्रश्न ऐकू आला. दर वेळी एकाच जागी कसा?

त्यांनी मनगटी पुन्हा बांधली, एरवी न पाहता खोचतात तशा दोन्ही सुया खोचल्या, आणि या वेळी पाहिलं. सुया नेढ्यापर्यंत आत गेल्या. इतक्या आत, थेट कातडीपर्यंत, त्या जायला नको होत्या. मनगटी सोडून खिडकीपाशी धरली. वरून धडधाकट होती. कात्रीने शिवण उसवली तर आतून लोकर आलीच नाही. करड्या भुकटीचा ढीग टेबलावर पडला, आणि त्यात तांदळाच्या कणीएवढी पांढरी अळी वळवळत होती.

कसर. आणि ती दुकानातली नव्हती. मनगटी रात्री अक्कांच्या घरी खिळ्याला असायची, त्या लख्ख घरात, जिथे अक्कांनी आजवर एक कोळी टिकू दिला नव्हता.

अक्कांना तोंडात मारल्यासारखं झालं. भुकटी झटकून टाकावी, नवी मनगटी शिवावी, कुणाला काय कळणार आहे, असं एकदा मनात येऊन गेलं. ते मी लपवत नाही. पण त्यांनी ती भुकटी, अळी आणि उसवलेली मनगटी एका कागदावर घेतली आणि गल्ल्यावर ठेवली, जिथे ती डबी ठेवली होती तिथेच.

"मामांची चूक नव्हती," त्या म्हणाल्या. "माझी होती."

मालकीणबाईंना आधीच पस्तावा होत होता. कोट आता बाहेर इस्त्रीला जात होते आणि लोकर भाजून नको तशी चकाकी घेऊन परत येत होते. "मग जा की, घेऊन या त्यांना," त्या म्हणाल्या.

मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या प्रत्येक वळणावर कोळिष्टक. मामांनी दार उघडलं आणि आधी विचारलं, "हात कसा आहे?"

अक्कांनी कागद उलगडला. मामांनी तो डोळ्यांजवळ नेला, मनगटीत बोट घालून पाहिलं. "कसर," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "लेकीने शिवलेली ना ही? अस्तर शाबूत आहे. पुन्हा भरता येईल."

"मामा, माझं चुकलं. मालकीणबाईंनी बोलावलंय. उद्यापासून या."

मामांनी मनगटी कागदात गुंडाळून परत दिली. "नाही यायचो, अक्का."

"पगाराचं काही..."

"पगाराचं नाही. रागही नाही. पण उद्या तुमचा हात खाजला, तर तुम्ही वर माझ्याकडे बघता का, एवढंच माझ्या डोक्यात येईल. समोर बसून दिवसभर तेच बघत राहीन. या वयात नाही जमायचं." मग म्हणाले, "एकोणीस वर्षं समोर होतो. एकदा मला विचारून तरी बघायचं होतंत."

अक्का निघाल्या तेव्हा मामांनी जिन्याच्या वळणावर थांबून एका रिकाम्या डबीत काहीतरी अलगद घेतलं, झाकण लावलं आणि डबी अक्कांच्या हातात दिली. "फळीवर सोडा. थंडी आहे अजून."

अक्कांनी ती डबी बसमध्ये मांडीवर धरून आणली आणि स्वतः स्टुलावर चढून उघडली.

मामांच्या जागी आता दुसरा इस्त्रीवाला आहे. त्याला यातलं काही माहीत नाही, आणि अक्का काय करतात याकडे त्याचं लक्षही नसतं. तरी कधी डावा हात खाजला, तर अक्का तो टेबलाखाली नेतात आणि समोरून दिसणार नाही असा खाजवतात.