गेनबा मिस्त्रींची बिनफटीची फरशी

धायरीच्या गेनबा मिस्त्रींनी बसवलेल्या फरशीत फट शोधून दाखवा, असं पार कोथरूडपर्यंत लोक म्हणत. मिस्त्रींना ते ऐकायची चटकच लागली होती. साठी ओलांडली तरी कौतुक म्हटलं की माणूस लहान मूलच होतो.

म्हणूनच अस्मिताताईंनी आपल्या योगवर्गाच्या नव्या हॉलसाठी त्यांना बोलावलं. गुडघे कुरकुरणाऱ्या ज्येष्ठांसाठी फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या होत्या. ते काम करणारा सलिल जाताना मिस्त्रींना बजावून गेला, "तापली की फरशी पसरते. भिंतीलगत आणि मधे फट सोडा, रबरासारखा मसाला भरा."

"चाळीस वर्सं हेच करतोय, सायेब," मिस्त्री हसले. मनातून त्यांना पटलं होतं. पण एवढ्या मोठ्या हॉलच्या मधोमध फट? लोक काय म्हणतील? त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी गच्च बसवली.

जानेवारीत हॉल तापवला आणि चौथ्या दिवशी मधल्या दोन ओळी धाडकन वर उचलल्या गेल्या. नशीब, तेव्हा वर कोणी नव्हतं.

"सलिल म्हणतो, फटी सोडायला सांगितलं होतं," अस्मिताताई म्हणाल्या. "सांगितलं होतं तुम्हाला?"

"न्हाई," मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

"वाटलंच मला. त्यानंच जास्त तापवलं असणार. आता त्याला इथे बोलवायचं नाही. तुम्ही मात्र बसवा, अगदी पहिल्यासारखी."

दुसऱ्या दिवशी उचललेल्या फरशा काढून मिस्त्री ओणवे बसले, पण हात चालेना. फट सोडावी, तर ताई विचारणार, आता कशी सुचली? न सोडावी, तर फरशी पुन्हा उडणार, कदाचित एखाद्या आजींच्या पायाखालीच. आपल्याच जिभेनं आपल्याला असं कोंडून घातलेलं पाहून त्यांना स्वतःची चीड आली.

शेवटी थापी खाली ठेवून ते ताईंच्या ऑफिसच्या दारात उभे राहिले. "ताई, सलिलसायबांनी सांगितलं हुतं. मी काल खोटं बोललो."

ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे मला सांगून काय उपयोग?" असं म्हणत त्यांनी फोन लावला आणि तो सरळ मिस्त्रींच्या हातात दिला.

मिस्त्रींनी तो कानाला लावला.

"बोला ताई," पलीकडून सलिलचा आवाज आला.

"ताई न्हाईत," मिस्त्री म्हणाले. "मी गेनबा."