उधाणाला बसलेली माणसं

ओहोटी लागली की चिखलाचा खारट, कुबट वास माझ्या ओटीवर येतो आणि बशीतला चहा तसाच निवत राहतो. समोर माझ्या बापाची भातखाचरं होती, तिथं आता तिवरं, खारफुटीची झाडं, उभी आहेत. उभी कसली, मला ती बसलेलीच दिसतात, मांडीला मांडी लावून, रांगेनं. वारा पडला की त्यांच्या बुडातून कुणी श्वास सोडल्यासारखे बुडबुडे येतात. मी चौथी नापास माणूस, पण ती रांग मी ओळखतो.

कंपनीला आमची खारजमीन हवी होती, म्हणून गाव शेताकडच्या रस्त्यावर बसलं. हात उचलायचा नाय, शिवी द्यायची नाय, उठायचं नाय, असं माझ्या चुलतीनं सगळ्यांकडून वदवून घेतलेलं. समोर पोलीस, त्यांच्या मागं माती उकरायचं मशीन. तशात अमावास्येचं उधाण आलं. आमची शेतं भरतीच्या पाण्याहून खाली. मध्ये फक्त मातीचा बांध. एरवी उधाणाला गडी बांधावर फिरून खेकड्यांची भोकं चिखलानं बुजवायचे. त्या दुपारी तिथं कुणीच नव्हतं.

"काकी, बांध फुटंल. फावडं घेऊन जातो."

"बस खाली. तुझ्या हातात फावडं दिसलं का लाठी चालंल, आनि मशीन आत."

"मग जमीन बुडू दे?"

"बुडली तरी आपलीच हाय."

आधी खेकडे आले, शेकड्यांनी, आमच्या पायांवरून. मागून पाणी, आवाज न करता. मांड्या बुडाल्या. बायांच्या मांडीवरची पोरंसुद्धा रडली नाहीत.

"आजी, उठा की, पाणी आलं!" एक शिपाई चुलतीला ओरडला.

"तुमचे बूट भिजतील, बाबा. तुमी जावा."

पोलीस हटले. मशीन मागं गेलं, पुढं कंपनीही गेली. पाणी मात्र गेलं नाही. फुटलेल्या बांधाची खांड दर भरतीला रुंदावत गेली आणि शेतात तिवरं रुजली.

नातू विचारतो, "आबा, मग जिंकलात का हरलात?" मी सांगतो, जमीन आपल्या नावावर हाय. आम्ही चुकलो असं मी मरेस्तोवर म्हणणार नाय.

चुलती जाऊन बरीच वर्षं झाली. परवा ओहोटीला त्या बुडालेल्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. पुढच्या रांगेत, ती बसायची तिथं, एक बुटकं तिवर आलंय. त्याच्या शेजारी जागा मोकळी होती. बसलो. खेकडे पायांवरून गेले, मागून पाणी आलं, आणि बराच वेळ मला उठावंसंच वाटलं नाही.