तिसरा पुकारा

"घसा काय माझ्या बापाचा आहे, जपून ठेवायला?"

"बापाचाच आहे," बायको म्हणाली. "त्यांनी त्यांचा घालवला, तुम्ही तुमचा घालवा. पण आधी गुळण्या करा, पाणी निवतंय."

भोंगा तांब्या घेऊन मोरीत गेला. बाजारात त्याला सगळे भोंगाच म्हणतात. भाजीचा लिलाव पुकारणं हा त्याचा धंदा, त्याच्या आधी वडिलांचा, अप्पांचा. अप्पांनी ओरडून ओरडून गळ्याची चाळण करून घेतली. आता ते बोलले की गंजलेली बिजागरी कुरकुरल्यासारखं वाटतं.

भोंगा तर दोन ठिकाणी ओरडायचा. सकाळी फ्लॉवरसाठी, दुपारी सैतानासाठी. 'काळकोठी' नावाच्या बँडात तो गायचा. गायचा हा आपला बोलण्यापुरता शब्द. त्यांचा ब्लॅक मेटल आणि ग्राइंडकोर अशा दोन गाण्यांच्या तऱ्हांचा नवा अल्बम पुरा व्हायला आला होता. ब्लॅक मेटल म्हणजे थंडीत उघड्या अंगानं बसलेल्या माणसानं देवाला शिव्या घालाव्यात तसं. ग्राइंडकोर म्हणजे पत्र्याच्या डब्यात खिळे भरून डबा जिन्यावरून सोडून द्यावा तसं. ह्यांनी दोन्हींचं लग्न लावलं आणि संसार बटाट्याच्या शीतगृहात मांडला, कारण तिथल्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. ड्रमवर भोंग्याच्या बहिणीचा नवरा, धंद्यानं प्लंबर. तोंडाला मढ्यासारखा पांढरा रंग, डोळ्यांभोवती बायकोचंच काजळ. तरी भोंगा त्याला "अहो दाजी, जरा दमानं" असंच म्हणायचा. शेवटी जावई तो जावई. गिटारवाला शिंपी गाणी लिहायचा. त्यात राख, कबरी, कावळे. धड एक माणूस जिवंत नाही.

एकच गाणं राहिलं होतं आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. मागच्या आठवड्यात फ्लॉवरच्या ढिगावर भोंग्याचा आवाज फाटला आणि व्यापारी फिदीफिदी हसले. ज्याच्या गाळ्यावर तो पुकारायचा त्या आडत्यानं बजावलं, पुन्हा फाटला तर पुकाऱ्यावर माझ्या भाच्याला उभा करीन. भाचा मिशीला पीळ देत तयारच होता.

गुळण्या करून भोंगा शीतगृहात गेला आणि गाणं झालं एकदाचं. दाजींनी असा वेग धरला की भोंगा कबरीपर्यंत पोचलाच नाही. शब्द विसरला, जिभेला सवयीची वाट सापडली आणि तो फ्लॉवर पुकारत सुटला. तो काय ओरडतोय ते शिंप्यालाही कळलं नाही, लिहिणारा तोच असून. उलट, जमलं म्हणाला.

चहाच्या वेळी बायकोनं भोंग्याच्या फोनमधलं ते रेकॉर्डिंग अप्पांना ऐकवलं. सासऱ्याला डिवचायची तिला हौस. अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. गाणं संपलं तशी त्यांनी बशी खाली ठेवली.

"माल सोडलास?"

"अप्पा, गाणं आहे ते. कबरीचं."

"एकवार म्हणालास, दोनवार म्हणालास. तिसरं कुठाय?"

बाजारात तीनवार म्हटल्याखेरीज माल कुणाचाच होत नाही. भोंग्याला पुढे चहा जाईना. सगळ्या जगात वाजणाऱ्या अल्बमात फ्लॉवरचा ढीग बेवारस पडून राहणार, हे त्याला काही केल्या पचेना. बायकोनं उद्या सकाळच्या लिलावाची आठवण करून दिली, पण तो पुन्हा शीतगृहात हजर झाला.

दाजी वैतागले. "कुणाच्या बापाला कळणार आहे?"

"माझ्या," भोंगा म्हणाला.

गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं. तीनवारला त्याचा आवाज जुनी ताडपत्री फाटावी तसा उभा फाटला. शिंप्याला फाटण्यातलं कळतं. त्यानं मिठीच मारली.

सकाळी पहिल्या ढिगावर भोंग्यानं तोंड उघडलं तर नुसती हवा. व्यापारी हसायला लागले. आडत्यानं भाच्याला खूण केली आणि भाचा क्रेटवर चढला. आवाज खणखणीत होता, नाही म्हणायला जागा नाही. पण सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर गडी चेकाळला. एकवार, दोनवार, गेला, म्हणून मोकळा झाला. तेवढ्यात मागून एकानं बोली वाढवली होती. दोघा व्यापाऱ्यांनी एकाच ढिगावर हात ठेवले, मग एकमेकांच्या गचांडीवर. फ्लॉवर उडायला लागले. त्यातला एक आडत्याच्या पोटात बसला.

आडत्यानं भाच्याला बाहीला धरून खाली ओढलं आणि भोंग्याकडे बघितलं.

"चढ वर. फाटका तर फाटका, पण पुरा पुकार."

भोंगा क्रेटवर चढला. गळ्यातून अप्पांची बिजागरी निघत होती. ऐकू यावं म्हणून व्यापाऱ्यांना गप्प बसून जवळ सरकावं लागलं. त्यानं विस्कटलेला ढीग पायानं सारखा केला, वरचा चिरडलेला गड्डा बाजूला टाकला आणि पहिल्यापासून बोली लावली.

"एकवार."